प्रवरा खोऱ्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्या : आत्मपरीक्षण आणि नव्या प्रयोजनाचा शोध

प्रस्तावना :

अकोले तालुक्यातील भंडारदरा येथे प्रवरा नदीवरील धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर निघालेल्या कालव्यांनी संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी या परिसराचे अर्थकारण पालटून टाकले. ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले, मजुरांच्या वस्त्या वसल्या. याच नदीखोऱ्यात आणि त्याच्या आसपासच्या कोरडवाहू पट्ट्यात महाराष्ट्रातील अनेक जुन्या ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्या आहेत. त्यांपैकी काही आजही भरभरून नांदत आहेत, तर काहींच्या मंदिरात रविवारच्या उपासनेला मोजकीच वृद्ध माणसे जमतात. अशा क्षीण होत चाललेल्या मंडळीने स्वतःची तपासणी कशी करावी आणि आपले प्रयोजन नव्याने कसे शोधावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ धार्मिक नाही. गावातील एका अल्पसंख्य व बहुतांशी दलित पार्श्वभूमीच्या समाजाची ती एकमेव सामूहिक संस्था असते. ती मोडली तर त्या समाजाची स्मृती, परस्परांचा आधार आणि सार्वजनिक आवाज यांचीही हानी होते.

लेखाची उद्दिष्टे :

१) अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील मंडळ्यांची ऐतिहासिक जडणघडण थोडक्यात पाहणे.
२) मंडळीच्या ऱ्हासाची कारणे वेगवेगळी ओळखणे.
३) आत्मपरीक्षणाची व्यवहार्य पद्धत स्पष्ट करणे.
४) नव्या प्रयोजनाच्या शक्यता मांडणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले. अहमदनगरची पहिली मंडळी १८३३ मध्ये स्थापन झाली. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये याच शहरातून निघू लागले. पुढे राहुरी, वडाळा अशी ग्रामीण ठाणी उभी राहिली. महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. १८७६-७७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनच्या शाळा, अनाथगृहे व मदतकार्य यांच्याशी लोकांचा संबंध अधिक दृढ झाला. रोमन कॅथलिक धर्मगुरूंचे कार्यही जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकापासून वाढत गेले. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला १९४९ मध्ये प्रारंभ झाला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी अनेक १९७० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, समाविष्ट झाल्या.

या इतिहासातील एक बाब आत्मपरीक्षणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. अमेरिकन मिशनच्या मूळ संस्थेचे सचिव रूफस अँडरसन यांनी स्थानिक मंडळी स्वशासित, स्वावलंबी आणि स्वप्रसारक असावी, असा आग्रह धरला होता. १८५४-५५ मध्ये त्यांनी भारतातील मिशनच्या कामाची प्रत्यक्ष पाहणीही केली. म्हणजेच 'परकीय आधार गेला तर मंडळी उभी राहील काय?' हा प्रश्न या मंडळ्यांच्या बाल्यावस्थेतच विचारला गेला होता. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना त्यात स्थान होते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने तो प्रयोग पूर्णत्वास गेला नाही. तरीही मंडळीचे प्रयोजन इमारत व वेतन यांपलीकडे शोधण्याचा तो महत्त्वाचा मराठी प्रयत्न होता.

ऱ्हासाची कारणे :

'उपस्थिती कमी झाली' हे लक्षण आहे, निदान नव्हे. एकाच लक्षणामागे किमान चार भिन्न कारणे असू शकतात.

पहिले कारण स्थलांतराचे. मिशन शाळांनी शिक्षण दिले, शिक्षणाने नोकरी दिली आणि नोकरीने माणसे पुणे-मुंबईस नेली. येथे मंडळीचे यशच तिच्या रिकामेपणाचे कारण ठरते. हरेगावचा साखर कारखाना बंद पडल्याने रोजगाराचा एक आधार तुटला, हेही याच प्रकारचे कारण होय.

दुसरे कारण ओळखीचे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्या शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये लागू झाल्या. परिणामी कागदोपत्री धर्म व आचरणातील धर्म यांत अंतर पडण्याचा धोका निर्माण होतो. अशा ठिकाणी नोंदवहीतील घट ही श्रद्धेची घट आहे असे मानणे चुकीचे ठरेल.

तिसरे कारण संस्थात्मक आहे. परदेशी साहाय्य आटल्यानंतर पाळकाचे वेतन, इमारतीची दुरुस्ती आणि मालमत्तेचे वाद यांतच मंडळीची शक्ती खर्ची पडू शकते. चौथे कारण अंतर्गत दुराव्याचे : तरुण आणि स्त्रिया यांना निर्णयात स्थान नसणे, जुनी भांडणे, अन्य पंथांकडे ओढा.

हा अनुभव केवळ भारतीय नाही. अमेरिकेतील धर्ममंडळ्यांच्या देशव्यापी सर्वेक्षणांत साप्ताहिक उपस्थितीचा मध्यांक २००० मध्ये १३७ होता, तो २०२० मध्ये ६५ वर आला. मात्र तेथील उपाय येथे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, कारण येथील ऱ्हासात जात, दुष्काळ, पाणी आणि स्थलांतर हे घटक गुंतलेले आहेत.

आत्मपरीक्षणाची पद्धत :

आत्मपरीक्षण म्हणजे दोषारोप नव्हे, हे प्रथम स्पष्ट करावे लागते. पाळक, वडील मंडळी, महिला मंडळ व तरुण संघ यांच्या प्रतिनिधींची लहान समिती नेमून सुमारे सहा महिन्यांत पुढील टप्पे पूर्ण करता येतील.

१) नोंदींचे वाचन : बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या मागील वीस वर्षांच्या नोंदी एकत्र मांडाव्यात. उदाहरणादाखल, एखाद्या मंडळीच्या नोंदवहीत १२० कुटुंबे आहेत आणि रविवारी २० कुटुंबे येतात, असे मानू. वरवर पाहता शंभर कुटुंबे दुरावली असे वाटते. परंतु घरोघर चौकशी करता त्यांपैकी ७५ बाहेरगावी गेलेली, १० अन्य पंथात गेलेली आणि १५ गावातच असूनही न येणारी आढळली, तर प्रश्नाचे स्वरूप पालटते. पहिल्या गटाशी संपर्क टिकवणे, दुसऱ्याशी सलोखा राखणे आणि तिसऱ्याचे ऐकून घेणे अशी तीन निराळी कामे समोर येतात.

२) स्मृतींची मांडणी : वृद्ध सभासदांना एकत्र बसवून मंडळीचा कालपट तयार करावा. दुष्काळ, कालवा, शाळा, भांडण, बांधकाम अशा घटना त्यात याव्यात. मंडळी गावाच्या सर्वाधिक उपयोगी कधी पडली, हे त्यातून उमगते.

३) हिशेब : अर्पण, वर्गणी व खर्च यांचा दहा वर्षांचा ताळा मांडून तो सर्व सभासदांसमोर वाचावा. पारदर्शकतेनेच अविश्वास कमी होतो.

४) शेजाऱ्यांचे मत : 'ही मंडळी उद्या बंद झाली तर गावात कोणाला काय उणे भासेल?' हा प्रश्न ख्रिस्तेतर ग्रामस्थ, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि मंडळी सोडून गेलेले लोक यांना विचारावा. या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर ते मौनच सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असते.

५) अँडरसन यांच्या तीन कसोट्यांचा पुनर्विचार : निर्णय आपले आहेत काय, खर्च आपला आहे काय, आणि आपल्या जगण्यातून इतरांपर्यंत काही पोहोचते काय?

नव्या प्रयोजनाची दिशा :

प्रयोजन बाहेरून आणून लावता येत नाही. ते मंडळीचा वारसा आणि गावाची गरज जेथे मिळतात तेथे सापडते. याचे बोलके उदाहरण याच जिल्ह्यात आहे. स्विस येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांनी दुष्काळी गावांच्या पाण्याच्या प्रश्नाला वाहून घेतले. त्या कार्यातून १९९३ मध्ये 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत लोकसहभागातून पाणलोटाचे काम झाले. भंडारदऱ्याचे पाणी ज्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, अशा कोरडवाहू गावांचा प्रश्न येथे सेवेचे केंद्र बनला. तो लाभ कोणा एका धर्माच्या लोकांपुरता राहिला नाही, ही त्यातील शिकवण आहे.

लहान मंडळीस इतके मोठे काम झेपणार नाही. तिने एकच काम निवडून ते नेटाने करावे. शाळेच्या परंपरेतील मंडळी सायंकाळची अभ्यासिका चालवू शकते. ज्या गावात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात तेथे त्यांच्या मुलांसाठी हंगामी वर्ग घेता येतो. ज्या मंडळीत टिळकांच्या भजनांची व ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जिवंत आहे, ती तरुणांना त्या संगीताद्वारे जवळ आणू शकते.

तथापि प्रत्येक मंडळी पूर्ववत वाढेल असे आश्वासन देणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही ठिकाणी दोन-तीन मंडळ्यांनी एक पाळक ठेवणे, तर क्वचित प्रसंगी विलीन होणे हाच योग्य निर्णय असतो. तेव्हा नोंदवह्या, दफनभूमी व मालमत्ता यांची व्यवस्था प्रथम ठरवावी. मालमत्ता नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्थेची असल्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावराची विक्री करता येत नाही. जमिनीची किंमत हे मंडळी बंद करण्याचे कारण होऊ नये, यासाठी हे संरक्षण सभासदांना माहीत असले पाहिजे.

महाविद्यालयांची भूमिका :

डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेले अहमदनगर महाविद्यालय याच समाजाच्या शैक्षणिक आकांक्षेतून उभे राहिले. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, समाजशास्त्र, मराठी व समाजकार्य विभागांना येथे मोलाचे साहाय्य करता येईल. जीर्ण नोंदवह्यांचे जतन, मौखिक इतिहासाचे संकलन आणि सर्वेक्षणाचे प्रशिक्षण ही त्यांची कामे होत. मात्र माहितीची मालकी मंडळीचीच राहावी आणि सभासदांच्या धर्मविषयक माहितीची गोपनीयता कसोशीने पाळली जावी.

निष्कर्ष :

१) उपस्थितीतील घट हे एक लक्षण असून त्यामागील कारणे स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.
२) स्थलांतराने रिकामी झालेली मंडळी अपयशी म्हणता येत नाही.
३) आत्मपरीक्षणात स्त्रिया, तरुण, दुरावलेले सभासद आणि ख्रिस्तेतर शेजारी यांचे म्हणणे अनिवार्य आहे.
४) नवे प्रयोजन वारसा आणि स्थानिक गरज यांच्या संयोगातून निर्माण होते.
५) सन्मानपूर्वक विलीनीकरण हाही आत्मपरीक्षणाचा वैध निष्कर्ष असू शकतो. मात्र तो सर्व सभासदांनी उघडपणे, हिशेब पाहून आणि आपला इतिहास सुरक्षित करून घेतलेला असावा.