घामातून नदी, लाकडातून उजेड

पुणे जिल्ह्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेवर भीमाशंकरचे रान आहे. येथे अशी कथा सांगतात, की त्रिपुरासुराशी लढून दमलेले शंकर या शिखरावर विसाव्याला बसले. त्यांच्या अंगातून घामाच्या धारा निघाल्या आणि त्यांचीच भीमा नदी झाली.

कथा बाजूला ठेवा, पण पावसाळ्याच्या अखेरीस या डोंगराचे कडे नीट पाहा. जागोजाग पाणी पाझरत असते. डोंगराला खरोखरच घाम फुटलेला दिसतो! याचे कारण खडकात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा बेसाल्ट खडक तयार झाला. थराचा माथ्याकडचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, तर गाभा घट्ट. मुरलेले पाणी घट्ट गाभ्यावर अडते आणि आडवे सरकत कड्यातून बाहेर येते. अशा झऱ्यांवर वाढलेली भीमा सुमारे ८६० किलोमीटर वाहत जाऊन रायचूरजवळ कृष्णेला मिळते.

या रानातले दुसरे नवल पावसाळी रात्रीचे. ओली, कुजकी लाकडे अंधारात मंद चमकतात. रानातल्या अशा उजेडाला खेड्यापाड्यांत आग्यावेताळ म्हणण्याची रीत आहे. हा वेताळ म्हणजे एक बुरशी! लाकूड कुजवताना तिच्या पेशींत ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य तयार होते. ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि ऊर्जा हिरवट प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. उष्णता जवळजवळ नाहीच. बुरशीतील हे ल्युसिफेरिन नेमके कोणते, याचा उलगडा २०१५ मध्ये झाला. त्याच वर्षी ब्राझीलमधील एका चमकत्या अळंबीवरील प्रयोगांत हा उजेड कीटकांना ओढून घेतो असे दिसले. कीटकांमार्फत बीजाणू पसरत असावेत. मात्र प्रत्येक चमकत्या बुरशीला हेच लागू पडेल असे नाही.

आता एक गंमत पाहा. या बुरशीला पडलेले लाकूड हवे. सरपणासाठी ते उचलले, की तिचे अन्न संपले. पण अनेक देवरायांत वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा दंडक असे. देवाच्या धाकाने कुजण्याची क्रिया अखंड चालू राहिली! माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या श्रद्धेचे मोल विज्ञानाच्या पुस्तकांत आले.

भीमाशंकरला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो मुख्यतः शेकरूसाठी. आपला हा राज्यप्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीला फांदी भिडलेली असेल तरच त्याचा रस्ता चालू राहतो. मध्ये रुंद सडक आली, की रान दिसायला तेवढेच, पण शेकरूच्या दृष्टीने त्याचे दोन तुकडे झाले.

चमकते लाकूड पाहायचे असेल तर वनखात्याची परवानगी घेऊन, जाणत्या माणसाबरोबरच जा. विजेरी विझवून वीस-तीस मिनिटे थांबा. डोळ्यांतील दंडपेशींना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. या पेशींना रंग कळत नाहीत. म्हणून छायाचित्रात हिरवेगार दिसणारे लाकूड प्रत्यक्षात बहुधा फिके, पांढुरके दिसेल.