बोनस दिवाळीचा, कागद वर्षभराचे

नरक चतुर्दशीच्या सकाळी ठाण्यातली तरुणाई राम मारुती रोडवर आणि तलावपाळीवर लोटते. नवे कुर्ते, ढोल-ताशे, सेल्फी. नौपाड्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. गर्दी ओसरली की रस्त्यावर राहतात चहाचे कप, कागदी प्लेटा आणि फटाक्यांच्या लाल कागदाचा सडा. तो उचलणाऱ्या सफाई कामगाराला त्या दिवशी सुट्टी नसते. त्याची दिवाळी त्याआधीच एका आकड्यावर ठरलेली असते. पाचपाखाडीतल्या महापालिका मुख्यालयात दसऱ्यापासून एकच प्रश्न फिरत असतो, ‘यंदा किती?’

ठाणे महापालिकेत २०२३च्या दिवाळीला २१,५०० रुपये सानुग्रह अनुदान, म्हणजे बोनस, मिळालं, २०२४ला २४,०००. शेजारच्या मुंबई महापालिकेत २०२४चा आकडा होता २९,०००. हे आकडे पेपरात येतात, पुढाऱ्यांचे फोटो छापून येतात, पेढे वाटले जातात. बाहेरच्या माणसाला वाटतं, युनियनचं काम एवढंच.

यातली मेख अशी की हा बोनस कायद्याने मिळत नाही. १९६५च्या बोनस कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण एक जादा पगार, आणि कमाल २० टक्के बोनस ठरवून दिला. पण त्याच कायद्याच्या ३२व्या कलमाने सरकारी खाती, स्थानिक स्वराज्य संस्था आणि आयुर्विमा महामंडळ यांना बाहेर ठेवलं. आता त्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेतही ही सूट कायम आहे. म्हणून पालिका कामगाराला दरवर्षी नव्याने मागावं लागतं. मागणीपत्र, चर्चा, मग आयुक्तांची मंजुरी. गेल्या वर्षी मिळालं म्हणून यंदा मिळेलच, असं लिहून ठेवलेलं कुठेही नसतं.

लेखी करार हाती असेल तर काय होतं, हे आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी दाखवून दिलं. बोनस कायद्याबाहेर असूनही त्यांच्या संघटनांनी २४ जानेवारी १९७४ रोजी व्यवस्थापनाशी करार केला आणि पगाराच्या १५ टक्के रोख बोनस पदरात पाडून घेतला. करार १ एप्रिल १९७३पासून चार वर्षांचा. पण मध्येच आणीबाणी आली आणि १९७६मध्ये संसदेने खास कायदा करून ही बोनसची तरतूद रद्द केली. कर्मचारी कोर्टात गेले. मदनमोहन पाठक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २१ फेब्रुवारी १९७८ रोजी तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. संसदेपुढे टिकला तो सह्या झालेला कागद.

युनियनच्या शाखेचं वर्षभराचं कामही अशाच कागदांचं. ठाण्यात कायम कामगारांमध्ये म्युनिसिपल लेबर युनियन, तर ठेका कामगारांमध्ये श्रमिक जनता संघ ही ओळखीची नावं. सफाई खात्यात सगळ्यात नाजूक विषय वारसा हक्काचा. सत्तरच्या दशकातल्या लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला, वारला किंवा कामाला अपात्र ठरला, तर त्याच्या एका वारसाला नोकरी मिळते. शासनाने २४ फेब्रुवारी २०२३च्या निर्णयात याबाबतच्या तरतुदी एकत्र आणल्या.

निर्णय चार ओळींत सांगता येतो, फाइल मात्र सहजी हलत नाही. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, घरातल्या इतरांची ना हरकत, शिधापत्रिका, जातीचा दाखला. बापाचं नाव सेवापुस्तकात एक, आधारवर दुसरं आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. दोन भाऊ असतील तर नोकरी कुणाला, यावरून घरात भांडण. शाखेचा कार्यकर्ता इथे अर्धा वकील आणि अर्धा घरातला वडीलधारा होतो. आधी भावांना समोरासमोर बसवायचं, मग नावाच्या फरकाचं प्रतिज्ञापत्र करायचं, मग आस्थापना विभागात खेटे घालायचे. यातल्या कशाचाही फोटो पेपरात येत नाही.

ठेका कामगाराचं दुखणं वेगळं. ठेकेदार बदलला की भविष्यनिर्वाह निधीचे हप्ते अडकतात, किमान वेतन वाढलं तरी फरक हातात पडत नाही. इथे एक कलम कामाला येतं. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने, म्हणजे पालिकेने द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. १९७०च्या ठेका कामगार कायद्यात हे होतं, नव्या कामगार संहितांतही आहे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने कोर्टात वर्षानुवर्षं चिकाटी धरली, तेव्हा २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्याचा हक्क मिळाला. तिथेही वादाचा मुद्दा हाच होता की कामगार नेमका कुणाचा. कामावर असल्याचा पुरावा ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी भांडताना उत्तम वकीलही अडखळतो.

युनियनबाबतचे नियम आता बदललेत. १९२६च्या मूळ कायद्याने सात जणांनाही युनियन नोंदवता येत असे. महाराष्ट्रात १९७१च्या कायद्याने मान्यतेसाठी ३० टक्के सभासदांची अट होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून जास्त युनियन असतील तिथे एकट्याने वाटाघाटी करायच्या, तर ५१ टक्के कामगार पाठीशी लागतात. संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे घोषणा देणाऱ्यांच्या गर्दीपेक्षा पावती फाडलेल्या सभासदांची यादी जड ठरणार.

‘वर्गणी देऊन मला काय मिळतं?’ असं विचारणारा कामगार प्रत्येक हजेरीशेडमध्ये भेटतो. बोनसचा आकडा त्याला युनियनमध्ये नसतानाही मिळतो, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण आरोपपत्र हातात पडतं, चौकशीला उभं राहावं लागतं, बिल अडतं किंवा घरातला कर्ता जातो, तेव्हा माणूस एकटा असतो. त्या वेळी मदत मिळायची असेल, तर तयारी आधीची लागते. पगाराची प्रत्येक चिठ्ठी जपावी. निधीचं खातं मोबाइलवर तपासत राहावं. वारस नोंद आजच करावी, आणि सगळ्या कागदांवर नाव एकच आहे ना, हे पाहावं. यंदाचा बोनस हातात पडला की एक दिवस आणि त्यातले झेरॉक्सचे पैसे एवढ्यासाठी बाजूला ठेवावेत.