वेग कुत्र्याचा, जबाबदारी सायकलस्वाराची

जर्मन शेफर्ड जातीची पैदास आणि गुणवत्ता यांवर देखरेख करणारी जर्मनीतली संस्था १८९९ साली स्थापन झाली. या कुत्र्यांसाठी तिथे सहनशक्तीची एक परीक्षा घेतली जाते. मालक सायकलवर आणि पट्ट्याने बांधलेला कुत्रा त्याच्या बाजूने पळणारा; अंतर २० किलोमीटर, वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर. ऐकताना ही निव्वळ ताकदीची कसोटी वाटते, पण तिच्या नियमांचा बराचसा भाग कुत्र्याला आवरण्यासाठीच आहे. १६ महिन्यांहून लहान कुत्र्याला भाग घेता येत नाही. आठ किलोमीटर झाले की १५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, त्यानंतर सात किलोमीटरने २० मिनिटांची. विश्रांतीच्या वेळी परीक्षक कुत्रा किती दमला आहे ते पाहतो, पंजे सोलवटले आहेत का ते तपासतो आणि फार थकलेल्या कुत्र्याला बाद करतो. तापमान २२ अंशांच्या वर नसावे, अशीही अट आहे. मेंढरांमागे दिवसभर पळता यावे म्हणून घडवलेल्या जातीला इतकी बंधने लागत असतील, तर एरवी फ्लॅटमध्ये झोपून असणाऱ्या आपल्या लॅब्राडॉरला किती लागतील? सायकलबरोबर कुत्रा पळवण्यात गैर काही नाही. पण दमला की तो आपणहून थांबेल, या भरवशावर ते करता येत नाही. कुठे थांबायचे हे माणसानेच आणि निघण्याआधीच ठरवावे लागते.

कुत्रा आपणहून का थांबत नाही, याची दोन कारणे आहेत. पहिले स्वभावातले. मालकाच्या सोबत राहणे ही त्याची सर्वांत मोठी ओढ असते आणि पट्टा बांधलेला असल्यामुळे मागे पडण्याची सोयही उरत नाही. दुसरे कारण शरीरातले. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो जवळजवळ फक्त तळव्यांना येतो. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. जीभ आणि श्वासमार्ग यांतल्या ओलाव्याची वाफ होते आणि रक्त थंड होते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ही वाफ नीट होत नाही, म्हणून पारा फार चढलेला नसतानाही धोका असतो. सायकलस्वाराला मात्र वेगामुळे अंगावर वारा लागतो, घाम सुकतो आणि हवा छान आहे असे वाटते. बाजूला पळणाऱ्या जनावराच्या अंगात त्याच वेळी काय चालले आहे, याचा अंदाज त्या वाऱ्यावरून बांधता येत नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून २०२० मध्ये दाखवून दिले, की बंद गाडीत कोंडल्यामुळे होणाऱ्या उष्माघातापेक्षा व्यायामामुळे होणाऱ्या उष्माघाताचे प्रमाण कितीतरी जास्त आहे. कारण नोंदलेल्या प्रकरणांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश व्यायामातून उद्भवलेली होती. ब्रिटनसारख्या थंड देशात ही स्थिती असेल, तर आपल्याकडे एप्रिलमध्ये सकाळी नऊ वाजता कुत्रा पळवायला नेणे किती धोक्याचे, ते वेगळे सांगायला नको.

वेगाचा हिशेब याच शरीरावरून मांडावा लागतो. कुत्र्याच्या तीन मुख्य चाली आहेत: चालणे, दुडकी आणि चौखूर धाव. दीर्घकाळ टिकते ती दुडकी चाल. त्यात तिरप्या जोडीचे पाय एकत्र पडतात, पाठ स्थिर राहते आणि श्वासाची लय बसते. चौखूर धाव ही थोड्या वेळाची चैन आहे. सायकलस्वाराला सहज वाटणारा ताशी १६-१७ किलोमीटरचा वेग मध्यम आकाराच्या कुत्र्याला चौखूर पळायला लावू शकतो. म्हणून नियम एकच: बाजूचा कुत्रा दुडक्या चालीतून धावेत गेला, की वेग कमी करायचा. स्पीडोमीटरपेक्षा त्याच्या पायांकडे पाहावे. आणि प्रत्येक कुत्रा या कामाचा नसतो. पग, बुलडॉग, शिह त्झू यांच्या चपट्या नाकांमुळे श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. त्यांना सायकलमागे पळवूच नये. पिल्लांच्या हाडांच्या टोकांची वाढ सुरू असते, ती मध्यम जातींत साधारण वर्षभराने आणि अवाढव्य जातींत दीड वर्षाने किंवा त्याहूनही उशिरा थांबते. तोवर डांबरावरचे सततचे धक्के टाळलेले बरे. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो, म्हणून त्यांना आधी पशुवैद्याला दाखवावे. आपल्या दख्खनचा कारवान अंगाने हलका आणि वेगवान असला, तरी तो ससा दिसताच झेपावणारा शिकारी आहे. पाय त्याचे उत्तम, पण सायकलशेजारी त्याला काबूत ठेवणे सगळ्यांत कठीण. त्या मानाने अंगाने सडपातळ, आखूड केसांचा, निरोगी गावठी कुत्रा या कामाला चांगला ठरतो.

आता सायकलकडे वळू. सायकल उभी राहते ती चालवणारा हँडल सतत किंचित वळवत असतो म्हणून. ती ज्या बाजूला झुकते, त्या बाजूला पुढचे चाक नेऊन तो तोल सावरतो. पट्टा हँडलला बांधला, की कुत्र्याच्या एका हिसक्याने हीच क्रिया हातातून निसटते. २५-३० किलोचा कुत्रा मांजर पाहून बाजूला वळला, तर पुढचे चाक आडवे होऊन माणूस आणि कुत्रा दोघेही पडतात. पट्टा मनगटाला गुंडाळणे त्याहून वाईट. बोटे मोडू शकतात, शिवाय तो हात ब्रेकवर राहत नाही. उरलेल्या हाताने फक्त पुढचा ब्रेक दाबला गेला तर चालक पुढे फेकला जातो. यावर उपाय म्हणजे सीटखालच्या दांड्याला किंवा मागच्या चाकाच्या आसाजवळ बसवायचा, स्प्रिंग असलेला दांडा. ओढ खालून आणि मागून आल्यामुळे हँडल मोकळे राहते, स्प्रिंगमुळे हिसक्याचा जोर पसरतो आणि कुत्रा चाकापासून ठरावीक अंतरावर राहतो. दुसरे टोक गळपट्ट्याला कधीही लावू नये, कारण तिथे हिसका थेट श्वासनलिकेवर बसतो. ते छातीभोवतीच्या हार्नेसला, पाठीवरच्या कडीत अडकवावे. बाजू कोणती, हेही महत्त्वाचे. परदेशी चित्रफितींत कुत्रा बहुधा उजवीकडे दिसतो, कारण तिथली वाहतूक उजवीकडून चालते. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपला कुत्रा डावीकडे, रस्त्याच्या कडेला हवा.

यावर पहिला आक्षेप असतो तो निसर्गाचा: कुत्रा लांडग्याचा वंशज, तो मैलोन्मैल पळतो, मग एवढी काळजी कशाला? पण लांडगा असो की गावातला मोकळा कुत्रा, तो स्वतःच्या मर्जीने पळतो, वाटेत हुंगतो, सावलीत बसतो, माती निवडतो. सायकलला बांधलेल्या कुत्र्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. तुलना करायचीच तर ती घाण्याला जुंपलेल्या बैलाशी करावी लागेल, कारण त्याचाही वेग आणि विसावा दुसराच कोणी ठरवतो. दुसरा आक्षेप: ‘सायकल काढली की आमचा कुत्रा आनंदाने उड्या मारतो.’ तो आनंद खराच असतो, पण तो निघण्याचा असतो. दहाव्या किलोमीटरला तळवे भाजत आहेत की नाही, याचे उत्तर त्या उड्यांत नसते. ते हाताने शोधावे लागते: तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्या रस्त्यावर कुत्र्याने पळू नये.

सर्वांत वजनदार आक्षेप आपल्या रस्त्यांचा आहे. खड्डे, हॉर्न आणि हद्दीसाठी अंगावर येणारी भटकी कुत्री असताना हे सगळे जर्मनीपुरतेच ठीक, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप बराचसा मान्य करायला हवा. वर्दळीच्या शहरी रस्त्यावर कुत्रा सायकलला बांधून नेऊच नये. दुसऱ्या कुत्र्यांनी घेरले तर बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि सामनाही करता येत नाही. तशी वेळ आलीच तर उतरावे, सायकल मध्ये आडवी धरावी आणि शांतपणे चालत बाहेर पडावे. पण कालव्याकडेचा मातीचा रस्ता, शेतातली गाडीवाट किंवा मोठ्या संस्थेचे परवानगी असलेले आवार जवळ असेल, तर पहाटेची वेळ साधता येते. अशी जागा नसेल तर हा व्यायाम सोडून द्यावा. पाऊण तास मनमुराद हुंगत चालणेही कुत्र्याला शरीराने आणि मनाने पुरते दमवते. स्कूटरवरून कुत्रा पळवणे मात्र कुठेच समर्थनीय नाही. जर्मनीचा वाहतूक नियम सायकलवरून फक्त कुत्रा नेण्याची मुभा देतो आणि मोटारवाहनावरून कोणताही प्राणी हाकण्याला बंदी करतो. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही प्राण्याला यातना होतील इतके दामटणे हा गुन्हा आहे.

जागा, कुत्रा आणि साधन तिन्ही योग्य असतील, तर सुरुवात सायकल हातात धरून चालण्यापासून करावी. ‘हळू’, ‘डावीकडे’, ‘थांब’ हे शब्द अंगवळणी पडल्यावरच सीटवर बसावे. पहिल्या आठवड्यांत पाच-दहा मिनिटे पुरेत. पोटभर जेवणानंतर लगेच पळवू नये, आधी चालवून शी-शू उरकून घ्यावी, दर काही मिनिटांनी थांबून पाणी द्यावे, परतल्यावर पंजे पाहावेत. जीभ गडद लाल, लाळ घट्ट, पाय लटपटणारे दिसले, तर सावलीत नेऊन आधी अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि मगच दवाखाना गाठावा. या फेरीत व्यायाम कुत्र्याचा असतो, सायकलस्वाराने आपला स्वतंत्र करावा. दोन्ही एकत्र उरकायला गेले, की वेग माणसाच्या मनाप्रमाणे वाढतो आणि त्याची किंमत कुत्रा मोजतो. कुत्र्यासाठी अर्ध्या वाटेवरून चालत घरी परतायची तयारी असेल, त्यानेच त्याला सायकलला बांधावे.