रविवारच्या सुट्टीमागील श्रमिकांचा लढा

रविवारी आपण कुटुंबासह मिस्साबलिदानास जातो. कारखान्यात राबणाऱ्यांना हा मोकळा दिवस कसा मिळाला, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. गिरण्या वाढल्या, तसे श्रमिकांचे हालही वाढले. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नसे. १८८१ च्या कारखाना कायद्याने लहान मुलांना थोडे संरक्षण दिले. प्रौढांच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली नाही.

महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातग्रस्तांना भरपाई या मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. त्यांनी स्थापलेल्या गिरणी कामगारांच्या संघाला ना नियमित वर्गणी होती, ना लिखित नियम. तरीही विखुरलेल्या श्रमिकांना त्यातून एक आवाज मिळाला. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे १०,००० कामगार एकत्र आले आणि १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीस आधार दिला.

त्याच वर्षी, १५ मे रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. न्याय्य वेतन, रविवारची विश्रांती आणि संघटित होण्याचा श्रमिकांचा हक्क त्यांनी त्यात ठामपणे मांडला.

पुढे माझगावचे कॅथलिक बॅरिस्टर जोसेफ 'काका' बाप्टिस्टा कामगार चळवळीत अग्रभागी राहिले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. त्याचे स्वागताध्यक्ष बाप्टिस्टा होते. कामगार संघांना कायदेशीर मान्यता देणारा कायदा १९२६ साली झाला.

लोखंडे सत्यशोधक होते. रविवार हा खंडोबाचा वार, असेही त्यांनी आपल्या मागणीच्या समर्थनार्थ सांगितले होते. म्हणजे प्रभूच्या दिवशी लाभणाऱ्या विसाव्याबाबत आपण आपल्या धर्माबाहेरच्या श्रमिकांचेही ऋणी आहोत.

शब्बाथाची आज्ञा देताना परमेश्वराने दास-दासींनाही विश्रांती मिळावी, असे बजावले आहे (अनुवाद ५:१४). मग आपल्या घरी धुणीभांडी करणारी भगिनी, आपल्या दुकानातला मुलगा, इमारतीचा रखवालदार यांना आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी मिळते का? येत्या रविवारी वेदीसमोर गुडघे टेकताना हा प्रश्न आपण स्वतःला विचारू या.