बेटावरचा मुक्काम: कुक्षीहून निघण्यापूर्वी

गोड्या पाण्यातले : हनुवंतिया, जिल्हा खंडवा. नर्मदेवरील इंदिरा सागर धरणाचा जलाशय. पहिला जल महोत्सव 2016 मध्ये. निवास मध्य प्रदेश पर्यटन विभागाचे. येथे समुद्र नाही.

खारे पाणी : अंदमानचे स्वराज द्वीप (2018 पर्यंत हॅवलॉक). कुक्षीपासून जवळचा मोठा विमानतळ इंदूरचा. पोर्ट ब्लेअरपर्यंत (2024 पासून श्री विजयपुरम) विमान, पुढे बोट. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढावी.

किनारा पाहून खोली : स्वराज द्वीपवर राधानगर पश्चिमेला, वाळू रुंद, सूर्यास्त दिसतो. विजयनगर पूर्वेला, सूर्योदयाचा. ओहोटीला पाणी दूर जाते, प्रवाळ-खडक उघडे पडतात, पोहणे अवघड. ‘समुद्रासमोर’ असे लिहिले असले तरी भरती-ओहोटीची वेळ विचारावी.

हंगाम : अंदमानात डिसेंबर ते एप्रिल. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही पाऊस, वादळे.

जेवण : हॉटेलच्या दरात ‘सीपी’ म्हणजे फक्त नाश्ता, ‘एमएपी’त नाश्ता आणि एक जेवण, ‘एपी’त तिन्ही वेळचे. शाकाहारी कुटुंबाने आधी कळवावे.

परवाना : भारतीयांना स्वराज द्वीपसाठी लागत नाही, लक्षद्वीपसाठी लागतो.