एक फोन, सहा पोरं आणि ओट्यावरची शाळा

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलपं लागली. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला मोबाइलवर येऊ लागली. घोषणा चांगली होती, पण खेड्यातल्या एकत्र कुटुंबाचं गणित निराळं. तीन भावांची मिळून सहा पोरं, थोरली दहावीला, धाकटं अंगणवाडीत. आणि स्मार्टफोन घरात एकच. तोही कर्त्या माणसाच्या खिशात, म्हणजे दिवसभर रानात. सांजच्याला फोन घरी यायचा तेव्हा बॅटरी उतरलेली आणि लाइट गेलेली!

'असर'च्या २०२०च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होतं. फोन वाढले हे खरं. पण फोन एक आणि पोरं सहा, ही वाटणी त्या आकड्यात दिसत नाही. पाळी लागली की दहावीचा पहिला, मग बाकीची पोरं. पोरींची पाळी बहुधा भांडी घासून, धाकट्याला निजवून झाल्यावर.

थोरल्यानं धाकट्याला

तरीही पुष्कळ घरांनी आपापली वाट काढली. दोनशिक्षकी शाळेत गुरुजी दोन-दोन, तीन-तीन वर्ग एकत्र सांभाळतात, हे आपल्या पोरांना नवं नाही. तीच रीत ओट्यावर आली. सातवीच्या पोरीनं तिसरीच्या भावाचं वाचन घ्यायचं, तिसरीतल्यानं पहिलीतल्याची अक्षरं गिरवून घ्यायची. शिकवणाऱ्याचंही त्यात पक्कं होतं.

आई चौथी शिकलेली असली तरी 'मोठ्यानं वाच, मला ऐकू दे' एवढं म्हणू शकते. आजोबांना पावकी-निमकी पाठ असते. डेअरीच्या चिठ्ठीवर लिटर, फॅट आणि दर असतो. दहा दिवसांचा हिशेब करा म्हटलं की दशांश अपूर्णांक आलेच. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे दोरी घेऊन मोजलं की क्षेत्रफळ डोक्यात बसतं.

मदत बाहेरूनही आली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका लागली. तिला रेंज लागत नव्हती आणि एका टीव्हीपुढं सगळी पोरं बसत होती. कित्येक गुरुजी पुस्तकं घेऊन वाडी-वस्तीवर फिरले, देवळात नाही तर पारावर चार-चार पोरं बसवून शिकवलं.

घराला न झेपणारं

मात्र ओट्यावरच्या शाळेचं कौतुक फार ताणू नये. नववीचं बीजगणित आणि इंग्रजीचं व्याकरण तिथं अडलं. ऊसतोडीला गेलेल्या बिऱ्हाडांना तर ओटाच नव्हता. सगळ्यात मोठा फटका बसला तो नुकतं अक्षर ओळखू लागलेल्या पोरांना. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं पोर १ डिसेंबर २०२१ रोजी गावातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले तेव्हा दुसरीत होतं. पहिलीचं वर्ष वर्गात न बसताच सरलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात ओमायक्रॉनमुळे कुलपं पुन्हा लागली.

पुढं 'असर' २०२२ मध्ये हिशेब आला. ग्रामीण भारतात दुसरीचा धडा वाचू शकणारी तिसरीची मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०.५ वर आली. पाचवीत तेच प्रमाण ५०.५ वरून ४२.८ झालं.

ती पोरं २०२५-२६ मध्ये सहावीत आली. वरच्या वर्गात ढकलली गेली म्हणून कच्चं राहिलेलं पक्कं झालं, असं धरून चालू नये. आपल्या घरातल्या पोराला जवळ बसवा, कुठल्याही पुस्तकातल्या दहा ओळी मोठ्यानं वाचायला लावा, एक हातच्याची वजाबाकी घाला. अडखळलं तर रागावू नका, चूक त्याची नाही. गुरुजींना भेटून मोकळेपणानं सांगा. आणि करोनात लागलेली ती एक सवय, दिवेलागणीला सगळ्या पोरांनी पुस्तक घेऊन एकत्र बसायची, मोडू देऊ नका. तिला फोन लागत नाही, पैसाही लागत नाही.