किळस हा पुरावा ठरतो का?

समलिंगी संबंधांमुळे भूकंप होतात, दुष्काळ पडतो, रोगराई येते, असे सहाव्या शतकातील रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्यात चक्क लिहिलेले आहे. आज याचे हसू येते. पण १९६३ मध्ये ऑक्सफर्डचे कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी हाच भूकंपाचा दाखला एका नामवंत ब्रिटिश न्यायाधीशाला ऐकवला होता.

त्या काळी ब्रिटनमध्ये दोन प्रौढ पुरुषांचे संमतीने, बंद दाराआड असलेले संबंधही गुन्हाच होते. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांना १९५२ मध्ये याच कायद्याखाली दोषी ठरवले गेले. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना वर्षभर इस्ट्रोजेनचा ‘उपचार’ घ्यावा लागला. पुढे सरकारने नेमलेल्या वुल्फेंडेन समितीने सप्टेंबर १९५७ मध्ये असे संबंध गुन्हा मानू नयेत, अशी शिफारस केली. समलैंगिकतेला आजार म्हणता येणार नाही, असेही समितीने नोंदवले. अनेकांच्या बाबतीत तेवढे एकच ‘लक्षण’ असते आणि बाकी मन ठणठणीत असते, मग रोग कशाला म्हणायचे?

न्यायमूर्ती पॅट्रिक डेव्हलिन यांना समितीची वैचारिक बैठक पटली नाही. समाज सामायिक नीतिकल्पनांवर उभा असतो. त्या ढासळल्या तर समाजच विस्कटेल, म्हणून राजद्रोहाप्रमाणे अनीतीलाही कायद्याने रोखता येते, असे त्यांचे म्हणणे. ज्युरीत बसणाऱ्या साध्या, विचारी माणसाला एखाद्या गोष्टीची मनापासून किळस वाटली, की ती अनीती! हा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. काही समान नियमांशिवाय समाज चालत नाही, हे हार्टही मानत. त्यांचा प्रश्न वेगळा होता : या संबंधांमुळे समाज विस्कटतो, याला पुरावा काय? नीतिकल्पना बदलणे म्हणजे समाज नष्ट होणे नव्हे.

पुरावा दुसऱ्या बाजूने येत होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हुकर यांनी ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलैंगिक पुरुषांच्या मानसिक चाचण्यांचे निकाल, कोणाचे कोणते हे न सांगता, तज्ज्ञांपुढे ठेवले. मानसिक स्वास्थ्यात तज्ज्ञांना दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हा अभ्यासही १९५७ चाच. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. गंमत म्हणजे, १९६५ मध्ये कायदा बदलण्याची मागणी करणाऱ्या पत्रावर खुद्द डेव्हलिन यांचीही सही होती. १९६७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलला.

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेले कलम ३७७ मात्र आपल्याकडे टिकून राहिले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द केले. बहुसंख्यांच्या नैतिकतेपेक्षा संवैधानिक नैतिकता श्रेष्ठ, हा त्या निकालाचा गाभा. ही संकल्पना डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये संविधान सभेत मांडली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसारही, केवळ समाजाच्या नैतिक वा धार्मिक समजुतींत बसत नाही म्हणून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही.

तरीही मुलाला ‘बरे’ करा म्हणून पालक डॉक्टरांचे दार ठोठावतात आणि काही ठिकाणी पैसे घेऊन तसे प्रयोग होतातही. असे ‘उपचार’ करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.